"तुला देवानं कशासाठी तरी वाचवलं" – याचं काय करायचं? (किल्लारी, 1993)

सास्तूरकर_पुणे

नमस्कार मंडळी. माझं मूळ गाव सास्तूर, किल्लारीजवळचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या भूकंपात आमचं घर गेलं, आज्जी गेली आणि माझी धाकटी बहीण गेली. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन होतं. आम्ही भावकीतली पोरं देवळापुढच्या मोकळ्या जागेत गोधड्या टाकून तिथंच झोपलो. आज्जी बोलवायला आली होती. मी हट्ट केला, गेलो नाही. बहीण लहान, तिला कडेवर घेऊन आज्जी घरी गेली.

तेव्हापासून एकच वाक्य ऐकतोय: "याला देवानं कशासाठी तरी ठेवलंय." दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा, बँकेत लागलो तेव्हा, लग्नाच्या मांडवातसुद्धा. सांगणारी माणसं माझ्यावर जीव लावणारी आहेत, त्यांना दुखवायचं नाही.

पण मागच्या आठवड्यात काकांनी फोनवर हेच माझ्या मुलीला सांगितलं. ती नऊ वर्षांची आहे. फोन ठेवला आणि मला विचारलं, "मग आत्याला का नाही वाचवलं? ती कशासाठीच नव्हती का?"

मला बोलता आलं नाही. योजना होती म्हणावं, तर बहिणीबद्दल असं काही मान्य करावं लागतं जे माझ्या तोंडून कधीच निघणार नाही. नुसता योगायोग म्हणावं, तर वाटतं आज्जी आणि ती सरकारी यादीतल्या दोन ओळी होऊन राहतील. या दोन्हींच्या मधे काही आहे का? तुम्ही स्वतः काय धरून राहता?

कातळ

भूशास्त्र शिकवतो, म्हणून माझ्या बाजूचं तेवढं सांगतो. आपली सगळी भूमी वर्षाला काही सेंटिमीटर या वेगानं उत्तरेला रेटली जातेय. तो ताण हिमालयात तर साठतोच, पण दख्खनच्या जुन्या कातळातल्या भेगांतही साठतो. 1992 च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये किल्लारीच्या आसपास लहान धक्के बसले होते. तरी भूकंपाच्या धोक्याच्या नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 2002 मध्ये नकाशा बदलला.

मुलीला एक तुलना जरूर सांगा. किल्लारीचा भूकंप 6.2 तीव्रतेचा होता. त्यानंतर साडेतीनच महिन्यांनी, 17 जानेवारी 1994 ला, कॅलिफोर्नियात नॉर्थरिजला 6.7 चा झाला. तोही पहाटेच, लोक झोपेत असताना, आणि लॉस एंजेलिससारख्या शहरातच. तिथं साठच्या आसपास माणसं गेली, आपल्याकडे हजारो. फरक भिंतींचा होता. दोन-तीन फूट जाडीची काळ्या दगडाची भिंत, सांध्यात नुसती माती, आणि वर माळवदाचं, म्हणजे लाकडावर माती अंथरलेल्या सपाट छपराचं, ओझं. जमिनीतल्या ताणाला कुणाच्या घरात कोण निजलंय हे ठाऊक नसतं.

निलंगेकर_माळकरी

दादा, राम कृष्ण हरी. तुमचं वाचून गलबललं. आमच्या घरात तीन पिढ्यांची वारी आहे, म्हणून माझं उत्तर सरळ आहे. सगळ्याच गोष्टी आपल्या बुद्धीला दिसत नाहीत. तुकोबांच्या घरात दुष्काळानं काय झालं आठवा. बायको अन्न अन्न करत गेली, व्यापार बुडाला. तरी ते म्हणतात, "बरे झाले देवा निघाले दिवाळे, बरी या दुष्काळे पीडा केली." त्यामागं काहीतरी होतंच ना? मुलीला एवढंच सांगा की देवाचा हिशेब आपल्याला कळत नाही.

जुनी_पानं

असा हिशेब मांडण्यात मोठमोठी माणसंही गुंतलेली आहेत. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर हरकत घेतली. अस्पृश्यता त्यांनाही तितकीच नकोशी होती, पण निसर्गाच्या घटनेला नीतीची शिक्षा ठरवणं त्यांना पटलं नाही. गांधीजींनी ती हरकत आपल्याच 'हरिजन' साप्ताहिकात छापली आणि उत्तर दिलं. मला त्या वादात टागोरांचं पटतं. त्या भूकंपात दलित वस्त्याही पडल्या. शिक्षा म्हणावी, तर ती त्यांना कशाची?

सास्तूरकर_पुणे

सर्वांचे आभार. कातळ सर, भिंतीचं कारण मला पटलेलं आहे, मुलीलाही सांगेन. पण भिंत का पडली हे कळल्यावरही, त्या रात्रीचं मी काय करायचं हा प्रश्न उरतोच. माळकरी माउली, तुमच्या भावनेचा आदर आहे. माझं अडतं ते त्या हिशेबात माझी बाजू जमेची धरली जाते तिथं.

सुमन_औसा

भाऊ, मी औसा तालुक्यातली. आमचंही गाव त्या 52 गावांमधलं, जी उठवून दुसरीकडं वसवली. माझी लेक गेली त्या पहाटे. अडीच वर्षांची होती. मी आणि मालक रब्बीच्या पेरणीसाठी शेतावर मुक्कामाला होतो, लेक सासूबाईंजवळ होती. म्हणजे तुमच्यासारखीच मीही उघड्यावर होते म्हणून उरले.

पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो तेव्हा खूप माणसं भेटायला यायची. त्यातल्या एका बाईंनी माझा हात धरून म्हटलं, "देवाला आवडली तुमची लेक." चांगल्या मनानं म्हटलं असेल. पण मला वाटलं, आवडली होती तर असं दगडाखाली कशाला न्यायचं? त्या दिवसापासून मी ठरवलं, दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ आपण लावायचा नाही. तेवढा अधिकार फक्त ज्याचं गेलं त्याचा. माळकरी माउली, तुकोबांचं मला म्हणून तर पटतं. त्यांनी स्वतःच्या दिवाळ्याला बरं म्हटलं, शेजारणीच्या दारात जाऊन तिच्या दुष्काळाला बरं म्हटलं नाही.

आता माझं सांगते. पुनर्वसनाचं काम निघालं तेव्हा गावोगाव बायांमधून संवाद सहायक नेमल्या. मी सातवी शिकलेली, मलाही घेतलं. ज्यांची घरं पूर्ण पडली त्यांना नवी गावं मिळाली, पण ज्यांची नुसती तडकली होती त्यांनी ती मजबूत कशी करायची हे बायांना समजवायचं, हे आमचं काम. आधी लाज वाटायची. इंजिनिअर साहेब बोलायचे, आम्ही पदर सावरून मागं. मग हळूहळू हात घालून बघायला शिकलो.

आमच्याकडची जुनी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, एक आतल्या अंगाची, एक बाहेरच्या अंगाची. मधे चिपा आणि माती भरलेली. दोघींना बांधून ठेवणारं काहीच नसतं. हादरा बसला की आतली आत पडते, बाहेरची बाहेर. यावर उपाय काय, तर भिंतीतले थोडे दगड काढून आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. अशी भोकं ठरावीक अंतरावर, सगळ्या भिंतीत. मग माळवदावरची माती उतरवून ओझं कमी करायचं. मी कोपराइतका हात त्या भोकात घालून मधली माती चाचपायचे. पहिल्यांदा घातला तेव्हा मला रडू फुटलं, कारण माझ्या लेकीवर हेच पडलं होतं, ही मोकळी माती आणि हे सुटे दगड. मुकादम घाबरला. म्हणाला बाई तुम्ही घरी जा. मी गेले नाही. भरलेलं काँक्रीट नीट मुरावं म्हणून त्यावर पाणी मारायला दुसऱ्या दिवशीपासून रोज जात होते.

पुढं 2001 ला 26 जानेवारीला कच्छमध्ये भूकंप झाला. आमच्या भागातल्या बचत गटांच्या बाया तिकडं गेल्या, त्यात मीही होते. भाषा येत नव्हती. पण ढिगाऱ्यापुढं बसलेल्या बाईजवळ बसायला भाषा लागत नाही, आणि "आमचंही असंच पडलं होतं, हे बघा, आम्ही पुन्हा बांधलं" एवढं खुणेनंही सांगता येतं. तिथं वाळवंटाच्या बाजूला त्यांचे जुने गोल भुंगे, म्हणजे तिकडची मातीची घरं, बघितले. पुष्कळसे जागेवर उभे होते. गोल भिंत, वर गवताचं हलकं छप्पर. मी भोवती फिरून फिरून बघितले.

आणि तिथंच अंजारचं कळलं. प्रजासत्ताक दिनाची मुलांची फेरी अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंची घरं त्यांच्यावर आली. 185 मुलं आणि 20 शिक्षक गेले. इतर ठिकाणी झेंडावंदनाला मैदानात उभी होती म्हणून कितीतरी मुलं वाचली. दिवस तोच, कारणही तेच, की पोरं सणाला घराबाहेर होती. भाऊ, तुम्ही विसर्जनामुळं बाहेर होतात म्हणून वाचलात आणि त्याला योजना म्हणायचं, तर मग अंजारच्या लेकरांच्या सणाला काय म्हणायचं? मी त्या गल्लीच्या तोंडाशी उभी होते. मला तरी योजना म्हणवेना.

तुम्ही विचारलं, दोन्हींच्या मधे काही आहे का. माझ्यापुरतं आहे. मी कच्छला जावं म्हणून माझी लेक गेली नाही. असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी बोलणं सोडीन, आणि कच्छला कितीही घरं उभी राहिली असती तरी मला लेकच हवी होती. पण ती गेली होती म्हणून मी कच्छला गेले, हे खरं आहे. भूकंपानं मला काही सांगितलं नाही. त्याला तोंडच नाही. जे काय केलं ते मी केलं, तिच्या आठवणीनं केलं. आणि ज्या बायांनी फारसं काही केलं नाही, नुसतं उरलेल्या लेकरांना जेवू घातलं आणि दिवस काढले, त्यांचं वाचणं वाया गेलं असं मला कधीच वाटलं नाही. तुमच्यावर मोठं काही करून दाखवायचं कर्ज नाही. बँकेत जा, लेकीला शाळेत सोडा, पुष्कळ झालं.

तिला सांगायचंच असेल तर आत्या कशी होती ते सांगा. काय खायची, कुणाच्या मागं लागायची, कशाला भ्यायची. यादीतली ओळ व्हायला नको ना? मग ते तुमच्या हातात आहे. आठ वर्षांच्या पोराला पुष्कळ आठवत असतं.

सास्तूरकर_पुणे

सुमनताई, ऑफिसात बसून वाचलं, पुढचा तासभर काम झालं नाही.

आठवतंय, ताई. तिला कच्च्या चिंचा आवडायच्या, दात आंबले की माझ्या शर्टाला पुसायची. कोंबड्यांना भ्यायची पण म्हशीच्या पोटाखालून बिनधास्त जायची. मी शाळेतून आलो की माझी पाटी घेऊन पळायची. आज रात्री मुलीला हे सगळं सांगणार आहे. वाचवण्याबद्दल विचारलं तर म्हणेन की मी बाहेर झोपलो होतो आणि ती घरात, आणि त्या भिंती आतून एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या. आत्या कशासाठी नव्हती, ती आत्या होती. काकांशीही बोलेन, सावकाश.

कातळ

सुमनताई, या वर्षी दुहेरी भिंतीचा धडा शिकवताना तुमचं हे भोकात हात घालणं मुलांना वाचून दाखवू का? तुमचं नाव न सांगता.

सुमन_औसा

सर, वाचा. नाव सांगितलं तरी चालेल.

निलंगेकर_माळकरी

ताई, तुमचं शेजारणीच्या दाराचं वाक्य मनात बसलं. माझी श्रद्धा आहे तिथं आहे, विठ्ठल माझ्या दुःखात माझ्याबरोबर असतो हे मला रोजचं आहे. पण दुसऱ्याच्या घरी सुतकाला गेल्यावर मी जे बोलतो त्याचा विचार करावा लागेल.

एक विचारायचं होतं. गावाकडं आमचं जुनं घर अजून दगडमातीचंच आहे, वर माळवद. आई तिथंच राहते, नव्या घरात यायला तयार नाही. दर पावसाळ्यात गळतं म्हणून आम्ही वरून मातीचा थर देतो. तुम्ही ओझं कमी करायचं म्हणालात, ते आधी करायचं की भिंतीची भोकं?

सुमन_औसा

माउली, आधी माती टाकणं थांबवा. दरवर्षीचा एकेक थर मिळून फूट-दीड फूट होतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. कोपऱ्यात एक लहान खड्डा घेऊन खोली मोजा. पाऊस संपला की थोडी थोडी उतरवा, एका बाजूची सगळी एकदम काढू नका. गळण्यासाठी वर पत्रा घालता येतो. खाली माळवदाचं लाकूड, कडी-पाट, कुजलंय का तेही तेव्हाच बघा. भिंतीचं काम त्यानंतर, आणि ते माहितगार इंजिनिअर उभा असल्याशिवाय करायचं नाही. तोवर आईचं अंथरूण जाड भिंतीपासून दूर, दाराजवळ घाला. आणि घराला लाकडी खांबांचे खण आहेत का, का माळवद सरळ भिंतीवर टेकलंय, ते बघून इथं लिहा. त्यावर पुढचं ठरतं.