ब्रेस्ट स्ट्रोक आधी शिकवावा की शेवटी?

काठावरचा
पोहण्याच्या उन्हाळी बॅचेस तोंडावर आल्यात म्हणून विषय काढतोय. आपल्याकडे बहुतेक तलावांवर क्रम ठरलेला असतो. आधी फ्रीस्टाइल, मग बॅक स्ट्रोक, आणि दिवस उरलेच तर ब्रेस्ट, म्हणजे पालथं पडून बेडकासारखे हातपाय मारायचा स्ट्रोक. लहान मुलांचं ठीक आहे, पण तिशी-चाळिशीत शिकायला येणाऱ्यांना आधी ब्रेस्टच शिकवावा असं माझं मत. मोठ्या माणसाचं घोडं श्वासावर अडतं. फ्रीस्टाइलमध्ये मान वळवून क्षणभरात श्वास घ्यायचा असतो. तेवढ्यात एक घोट पाणी गेलं की माणूस उभाच राहतो. ब्रेस्टमध्ये दर हाताला तोंड समोर वर येतं, काठ दिसतो, दम लागला तर ग्लाइड, म्हणजे हातपाय न मारता नुसतं सरकणं, लांबवता येते. नेदरलँड्समध्ये मुलं पोहण्याच्या पहिल्या डिप्लोमासाठी हाच स्ट्रोक शिकतात, आणि परीक्षेत कपड्यांसकट पोहतात. मॅथ्यू वेबने 1875 मध्ये इंग्लिश खाडी ओलांडली ती ब्रेस्टवरच, 21 तास 45 मिनिटांत. तेव्हा 'हा काही लांब पल्ल्याचा स्ट्रोक नव्हे' हे कृपया कुणी सांगू नये.

लेन नंबर चार
साफ असहमत. श्वास सोपा आहे, मान्य. पायांचं काय? चारही स्ट्रोकमध्ये सर्वांत अवघड लाथ हीच. पाऊल नडगीकडे ओढून बाहेर वळवायचं आणि तळव्याच्या आतल्या कडेने पाणी मागे रेटायचं, हे नवख्याला उमगतच नाही. बहुतेकांचं एक पाऊल नीट वळतं आणि दुसरं सरळच राहतं. मग तो पाय पाण्याला वरून कापतो आणि कात्रीसारखी लाथ बसते. स्पर्धेत त्यावर थेट बाद करतात. ही सवय एकदा मुरली की काढायला नव्याने शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

शिवाय हा चौघांत सर्वांत संथ. पुरुषांच्या 100 मीटर ब्रेस्टमध्ये ब्रिटनच्या ॲडम पीटीचा विश्वविक्रम 56.88 सेकंद, आणि फ्रीस्टाइलमध्ये चीनच्या पान झानलेचा 46.40. कारण सरळ आहे. बाकी स्ट्रोकमध्ये हात पाण्यावरून पुढे येतात, इथे ते पाण्यातूनच पुढे न्यायचे, वर दर लाथेआधी पाय दुमडून स्वतःच ब्रेक लावायचा. त्याच वेगाने जायला शक्ती जास्त लागते. चाळिशीतल्या माणसाला हे देण्यात काय दया?

काठावरचा
विक्रमांचा आणि संध्याकाळच्या बॅचचा काय संबंध? त्याला पीटीला हरवायचं नाहीये, 25 मीटर न थांबता जायचंय. वेगाचा आग्रहच नसेल तर शक्तीचा हिशोबही बदलतो.

फिजिओ ताई
दोघांच्याही बोलण्यात गुडघा आला नाही, म्हणून लिहिते. या लाथेत नडगी बाहेर फिरते आणि त्याच वेळी गुडघ्यावर आतून ताण येतो. तो झेलतो गुडघ्याच्या आतल्या बाजूचा लिगामेंट. फिरण्याचं मुख्य काम खुब्याने करायचं असतं. बैठ्या कामाने खुबा आखडलेला असेल तर उरलेली फिरकी गुडघ्याच्या माथी बसते. दुखणं आतल्या कडेला, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी असतं. काहींना जांघेतही ओढ बसते.

तेव्हा गुडघे फार फाकवू नका. नितंबांच्या रुंदीपेक्षा थोडेच बाहेर, आणि टाचा गुडघ्यांच्याही बाहेर. थंड अंगाने पहिल्याच लॅपला जोराची लाथ नको. सुरुवातीच्या महिन्यात एकूण अंतराच्या पाव हिस्स्यापेक्षा जास्त ब्रेस्ट किक मारू नये असं मी सांगते. आत दुखायला लागलं तर त्या दिवशी पुल बॉय (पाय तरंगत ठेवणारा फोमचा तुकडा) मांडीत धरून फक्त हात मारा. मेनिस्कसचं (गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीचं) जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही लाथ नकोच.

विहिरीतला
एवढं शास्त्र कशाला? गावाकडची पोरं कमरेला पांगाऱ्याचे बिंडे किंवा डबा बांधून विहिरीत शिकतात, ती डोकं वर ठेवून असंच बेडकासारखं पोहतात. कुणी किक शिकवत नाही. नदीत, विहिरीत डोकं वरच हवं. समोर फांदी आहे की दगड ते दिसायला नको?

लेन नंबर चार
दिसायला हवं, पण सतत नव्हे. डोकं वर ठेवलं की कंबर बुडते, अंग तिरपं होतं आणि अर्धी ताकद पाणी खाली दाबण्यात जाते. वर मान आणि कंबर दुखते ती वेगळीच. दर चार-पाच हातांनी एकदा समोर बघितलं तरी पुरतं.

कोपर वर
शिकवणाऱ्याच्या बाजूने लिहितो. ब्रेस्टमध्ये पुढे न जाणाऱ्यांपैकी निम्म्यांची लाथ बरी असते. चुकतो तो मेळ. हात आणि पाय एकदमच मारतात, म्हणजे हात अंगाला पुढे ओढत असताना पाय दुमडून पाणी अडवतात. क्रम असा हवा: हात बाहेर, खांद्यांपेक्षा थोडे रुंद, कोपरं वर. मग आत, हनुवटीखाली. इथेच श्वास, आणि इथेच टाचा ढुंगणाकडे. हात पुढे फेकले जात असताना लाथ. मग गप्प सरळ राहायचं. आणि हात खांद्यांच्या मागे न्यायचे नाहीत. नेले की परत आणताना छाती बुडते.

लाथेसाठी सर्वांत प्रामाणिक सराव पाठीवर पडून. हात मांड्यांशी सरळ, टाचा हाताच्या बोटांना लागेपर्यंत ओढायच्या. गुडघे पाण्याबाहेर डोकावले तर समजा की तुम्ही मांडी पोटाकडे ओढताय, टाच मागे नाही. पालथं पोहताना हीच मांडी पाण्यापुढे भिंतीसारखी उभी राहते. मग पालथं होऊन दोन लाथांना एक हात. 25 मीटरला वीसच्या वर हात लागत असतील तर ग्लाइड होतच नाहीये, नुसती घाई चाललीये.

नियमांचा किडा
थोडं विषयांतर. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये जपानच्या फुरुकावाने 200 मीटर ब्रेस्टचं बरंचसं अंतर पाण्याखालून कापून सुवर्ण घेतलं, म्हणून नंतर त्यावर बंदी आली. 2004 ला अथेन्समध्ये जपानच्याच किताजिमाच्या डॉल्फिन किकवरून (दोन्ही पाय जोडून वर-खाली मारलेली लाथ) वाद झाला, 2005 पासून सूर मारल्यावर आणि प्रत्येक टर्नला एक डॉल्फिन किक चालते. इतका भांडखोर स्ट्रोक दुसरा नाही, हा धागाही त्याला साजेसाच. आपला संदीप सेजवाल 2014 च्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर ब्रेस्टमध्ये कांस्य घेऊन आला, ते मात्र कुणाच्या लक्षातही नसतं.

काठावरचा
फिजिओ ताईंचा मुद्दा पटला. सुधारून सांगतो: पहिल्या आठवड्यात ब्रेस्टचे फक्त हात आणि श्वास, पायांना साधी फ्रीस्टाइलची किक. ब्रेस्टची लाथ दुसऱ्या आठवड्यापासून, पाठीवर. पण क्रमाबद्दलचं मत तेच.

लेन नंबर चार
म्हणजे फ्रीस्टाइलचे पाय आधी शिकवावे लागतातच! माझंच म्हणणं झालं की हे.

काठावरचा
पाय तुमचे, श्वास माझा. चालेल.

फिजिओ ताई
आणि कुठल्याही क्रमाने शिका, पण गर्दीच्या लेनमध्ये ब्रेस्ट मारताना पुढच्यापासून दोन अंग अंतर ठेवा. फाकलेली टाच मागच्याच्या गॉगलवर बसली की भांडण माझ्या दवाखान्यात येतं.