मदत हवी आहे : इंग्लंडमधील केअर होममध्ये पतीला जेवू घालण्याची परवानगी

सर्वांना नमस्कार. माझ्या यजमानांना स्मृतिभ्रंश असून ते इंग्लंडमधील एका केअर होममध्ये राहतात. कोविडच्या टाळेबंदीच्या काळात आमची भेट खिडकीच्या काचेतून किंवा व्हिडिओ कॉलवर होत असे. पडद्यावरचा आवाज कुठून येतो हेच त्यांना उमगत नसल्याने ते कॉल, खरे सांगायचे तर, माझ्याच समाधानापुरते होते.

८ मार्च २०२१ पासून नाव नोंदवलेल्या एका व्यक्तीला आत जाऊन नियमित भेटता येऊ लागले. तेव्हा प्रत्येक भेटीआधी लॅटरल फ्लो चाचणी (कोविडची झटपट चाचणी) करावी लागत असे. हात हातात घेता येत असे, मिठी मारता येत नसे. आत जाऊन भेट मला आजही मिळते, परंतु ती थोडाच वेळ असते आणि जेवणाच्या वेळी कधीच नसते. अडचण नेमकी तिथेच आहे. त्यांचे इंग्रजी जवळजवळ लोपले आहे, मराठीत आर्जव केल्याशिवाय ते घास घेत नाहीत आणि त्यांचे वजन घटत चालले आहे. कर्मचारी मायाळू आहेत, पण भाषेपुढे त्यांचा इलाज चालत नाही.

२०२१ च्या सरकारी मार्गदर्शनात ‘इसेन्शियल केअर गिव्हर’ (अत्यावश्यक शुश्रूषा करणारी व्यक्ती) अशी वेगळी तरतूद होती; तिच्यानुसार कर्मचाऱ्यांप्रमाणेच चाचण्या करून व संरक्षक साधने वापरून जवळच्या व्यक्तीला अधिक वेळा येऊन अशी शुश्रूषा करता येत असे. तशा परवानगीबद्दल केअर होमचे व्यवस्थापक मात्र ‘विचार करू’ एवढेच म्हणतात.

आपल्यापैकी कोणाला अशी परवानगी मिळाली आहे का? अर्जासोबत जीपींचे (फॅमिली डॉक्टरांचे) पत्र आणि वजनाच्या नोंदी जोडल्या होत्या का? नकार मिळाल्यास आधी कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) सोशल वर्करकडे जावे की केअर होमवर देखरेख ठेवणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनला कळवावे? केअर होमशी संबंध न बिघडवता हे कसे साधावे, हेही कृपया सांगावे.