प्रोसेसर बदलला, ओव्हरक्लॉक केला आणि विंडोज रुसलं: तुमचे अनुभव लिहा

नवा प्रोसेसर टाकला किंवा आहे त्याचाच वेग चढवला, आणि मग निळे स्क्रीन, आपोआप रीस्टार्ट, मध्येच हँग होणं सुरू झालं, हे इथे बऱ्याच जणांनी भोगलंय. कोणता प्रोसेसर, काय बदललं आणि दुखणं शेवटी कुठे सापडलं ते लिहा. ‘फॉरमॅट मारला, ठीक झालं’ एवढ्यावर सुटका नाही. का ठीक झालं ते सांगा.

*

जुनी गोष्ट. कोअर टू ड्युओ ई६३००, मूळ वेग १.८६ गिगाहर्ट्झ. वेग म्हणजे गुणक गुणिले एफएसबी (प्रोसेसरला बोर्डाशी जोडणाऱ्या बसचा वेग). गुणक ७ च्या वर जात नाही, म्हणून एफएसबी २६६ वरून ३३३ वर नेला की २.३३ मिळायचे. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) आकडा झकास दिसला, पण एक्सपी काही इन्स्टॉल होईना. सेटअप फायली कॉपी करताना अडायचा, आणि दर वेळी वेगळ्याच फायलीवर. लॅमिंग्टन रोडचा दुकानदार म्हणाला, सीडी खराब आहे. दुसरी सीडी आणली, तेच रडगाणं. रॅम तपासणारी मेमटेस्ट लावली तर स्क्रीनभर लाल ओळी! रॅम होती डीडीआर२-५३३, आणि पी९६५ चिपसेटवर रॅम एफएसबीपेक्षा हळू चालवता येत नाही. म्हणजे प्रोसेसरच्या नादाने ती बिचारी ६६७ ला पळत होती. ६६७ ची रॅम घातल्यावर तोच प्रोसेसर त्याच वेगाने वर्षानुवर्षं चालला.

*

वरच्यात भर. वेग पुन्हा मूळ जागी आणला तरी कधीकधी विंडोज सुधारत नाही, कारण बिघडलेल्या रॅममधून चुकीचे बाइट तोवर डिस्कवर उतरलेले असतात. आधी एसएफसी स्कॅननाऊ ही विंडोजच्या फायली तपासून दुरुस्त करणारी कमांड चालवा. रजिस्ट्रीच (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) गेली असेल तर मात्र बऱ्याचदा नव्याने टाकावं लागतं.

*

आम्हा नागपूरकरांचा शत्रू वेगळा. आय५-२५००के डिसेंबरात ४.५ वर लोण्यासारखा चालायचा. मे उजाडला की दुपारी ०एक्स१२४ चा, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीचा, निळा स्क्रीन. खोलीतला कूलर आणि प्रोसेसरवरचा कूलर, दोघांनीही हात टेकलेले. आता बायोसमध्ये दोन प्रोफाइल आहेत: उन्हाळ्यात ४.२, दिवाळीनंतर ४.५.

*

माझा पीसी प्राइम९५ ही प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी रात्रभर सोसतो आणि सकाळी पेपर वाचताना रीस्टार्ट होतो! रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी करणारं सेटिंग) सगळ्या कोअरना उणे ३० ठेवलाय. विंडोज बदलू का?

*

विंडोजला हात लावू नका. पूर्ण लोडवर वेग थोडा खाली असतो, त्यामुळे कमी व्होल्टेज निभतं. हलक्या कामात एखादाच कोअर एकदम वरच्या वेगाला उडी मारतो आणि तिथे ते अपुरं पडतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणारा) १८ क्रमांकाची नोंद बघा. तिथल्या एपीआयसी आयडीवरून (प्रोसेसरच्या आतला क्रमांक) कोणता कोअर रडतोय ते कळतं. तेवढ्यालाच उणे १५ करा, बाकीचे राहू द्या.

*

ओव्हरक्लॉक वगैरे माझ्या वाटेला नाही, फक्त रायझन २६०० काढून ५६०० बसवला. बी४५० बोर्ड तोच, बायोस आधीच अपडेट केलेलं. सुरू केल्यावर काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं: नवा सीपीयू आहे, एफटीपीएम (प्रोसेसरमधली गुप्त किल्ल्यांची तिजोरी) रीसेट करायचा का, वाय की एन? लेक म्हणाला, “आई, वाय दाब.” दाबलं. पुढच्या मिनिटाला बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, ४८ अंकी रिकव्हरी की मागत होता आणि जीएसटीचं सगळं काम त्याच डिस्कवर! मायक्रोसॉफ्ट खात्यात की जपलेली होती म्हणून वाचले.

*

ताई, त्याच स्क्रीनवर खाली लिहिलेलं असतं: एन दाबलं तर नव्या सीपीयूवर एफटीपीएम सुरू होत नाही, पण जुना प्रोसेसर परत बसवून आधीच्या किल्ल्या मिळवता येतात. सगळ्यात सोपं म्हणजे स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी बिटलॉकर सस्पेंड करायचा आणि की कागदावर छापून ठेवायची. त्याच पीसीवर सेव्ह करू नका, एवढं बघा.