पाहुण्याने थर्मोस्टॅटला हात लावायचा नाही म्हणजे नाही?

कुडकुडी

परवाच्या गप्पांमध्ये 'यजमान' यांनी ठणकावून सांगितलं: "हिवाळ्यात नातेवाइकांकडे राहायला गेल्यावर त्यांच्या हीटिंगला हात लावणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. आमच्याकडे १७ अंश असतं आणि १७च राहणार. थंडी वाजते त्याने स्वेटर चढवावा. बिल आम्ही भरतो." त्यावर 'अगदी अगदी' म्हणणाऱ्यांची रांग लागली. तिथे दोन ओळींत उत्तर देऊन माझं समाधान होईना, म्हणून हा वेगळा धागा.

एकच आकडा यजमानाला आणि पाहुण्याला सारखा लागत नाही, हे तुमच्या डोक्यातच येत नाही का? घरची माणसं दिवसभर वर-खाली करत असतात, स्वयंपाकघरात असतात, आवराआवर करतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर साधारण १०० वॉट उष्णता देतं, घरकाम करणाऱ्याचं सहज त्याच्या दुप्पट. पाहुण्याला मात्र "तुम्ही बसा हो, कशाला हात घालता" म्हणून सोफ्यावर बसवून ठेवायचं. बरं, थर्मोस्टॅट, म्हणजे घराचं तापमान ठरवणारं बटण, कुठे? स्वयंपाकघराजवळच्या बोळात. पाहुण्यांची खोली कुठे? टोकाला, दोन बाजूंना बाहेरची भिंत, वर्षभर बंद. बोळात १७ म्हणजे त्या खोलीत किती, ते एकदा तिथे झोपून बघा. शिवाय भिंत गार असली की हवेचा आकडा ठीक दिसला तरी अंगातली ऊब भिंतीकडे जातच राहते.

मी नणंदेकडे दोन स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे घालून जेवायला बसते. स्वेटरने छाती ऊबदार राहते, बोटं नाही. आणि माझ्याबरोबर सासूबाई असतात, वय ७८. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत थंड हवेच्या प्रदेशांसाठी घरात किमान १८ अंश सुचवलेत, वृद्ध आणि आजारी माणसांना त्याहून जास्त लागू शकतं असंही म्हटलंय. १७चा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

यजमान

वा! माझ्या नावाने धागा. धन्य झालो.

ताई, तुमची बाजू समजली, आता माझी ऐका. आमचे मेहुणे येतात. मी झोपलो की हे महाशय २५ करतात. मध्यरात्री त्यांनाच उकडतं, मग खिडकी उघडतात. हीटिंग चालू आणि खिडकी सताड! मी सकाळी उठतो तेव्हा घसा कोरडा, धाकट्याच्या नाकातून रक्त. बाहेरची शून्य अंशाची दमट हवा आत आणून २० पर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता साधारण पाव भागावर येते. २५ला आणखी खाली. तुमच्या बोटांची काळजी आहे, आमच्या नाकांची कोण करणार?

आणि हो, "बिल आम्ही भरतो" याचा राग का यावा? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

तिरकस

मेहुण्यांना खिडकीबाहेर झोपवा. दोघांचाही प्रश्न सुटेल.

आमच्याकडे भांडण नातेवाइकांचं नाहीच, नवरा-बायकोचं आहे. हिला वर्षातले बारा महिने थंडी वाजते. बायकांना नेहमीच.

गोधडी

@तिरकस, 'बायकांना नेहमीच' हे जरा जपून. इमारतींच्या तापमानाची जुनी गणितं साधारण ७० किलो वजनाच्या, चाळिशीतल्या पुरुषाच्या चयापचयावर बेतलेली आहेत, हे दोन डच संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिलंय. तुम्हाला बरं वाटतं ते 'नॉर्मल' आणि तिला वाटतं ते नखरे, असं कुणी ठरवलं?

तिरकस

ते ऑफिसांबद्दल होतं, घराबद्दल नाही. पण असो. हिला वाचून दाखवलं. ती आत्ता उठून २२ करून आली. आभार कसे मानू?

निवृत्त अभियंता

मेहुण्यांसारखी मंडळी २५ का करतात ते सांगतो. त्यांना वाटतं, २५ केलं की खोली लवकर तापेल. नेहमीच्या घरगुती थर्मोस्टॅटला असं काही कळत नाही. तो चालू किंवा बंद एवढंच करतो. २०वर ठेवा की ३०वर, २०पर्यंत पोचायला वेळ तेवढाच. फरक एवढाच की ३०वर ठेवला तर तो थांबत नाही आणि मग माणूस खिडकी उघडतो.

थोरली सून

अभियंता, तुम्ही भेटलात ते बरं झालं. आमच्या घरी दर हिवाळ्यात एकच वाद. सासऱ्यांचं म्हणणं, रात्री हीटिंग बंद केलं की भिंती गार पडतात, सकाळी पुन्हा तापवायला दुप्पट जळतं, म्हणून रात्रभर चालू ठेवलेलं स्वस्त. मी म्हणते बंद करा. पाहुणे असले की सगळे त्यांच्याच बाजूने. खरं काय?

निवृत्त अभियंता

सासरे चूक. घरातून बाहेर जाणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरते. रात्री घर गार झालं की फरक कमी, म्हणून गळतीही कमी. सकाळी भिंती तापवायला जी जास्तीची उष्णता लागते, ती रात्री भिंतींनी खोलीला देऊन झालेली असते. तो हिशेब फिटतो. रात्रभर कमी गळलं, तेवढी बचत निव्वळ तुमची.

भिंतवाला

इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात आणणारं यंत्र, असेल तर? मी स्वतः भोगलंय. रात्री बंद, पहाटे एकदम ६ अंश चढवायला सांगितलं. पंपाला ते झेपेना, म्हणून आतली साधी विजेची कॉइल चालू झाली. पंप एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता आणतो, कॉइल एकात एकच देते. झाली ना बचत? आणि ज्या भिंती रोज गार पडतात त्यांवर ओल धरते, कोपऱ्यात बुरशी येते. पुस्तकातलं गणित भिंतीला कळत नाही.

निवृत्त अभियंता

हीट पंपाचा मुद्दा मान्य. तिथे पूर्ण बंद करू नये, दोन-तीन अंश उतरवावं. पण प्रश्न हीट पंपाचा नव्हताच. थोरल्या सूनबाईंकडे काय आहे?

थोरली सून

तेलाचा हीटर. तो म्हणे कमी वीज खातो.

निवृत्त अभियंता

नाही हो!! हाही भ्रमच. तेलाचा, पंख्याचा, लाल सळईचा, विजेवर चालणारा कुठलाही साधा हीटर घ्या, एका युनिटमधून एका युनिटएवढीच उष्णता. तेलाचा हळू तापतो, हळू निवतो, आवाज करत नाही, एवढंच.

भिंतवाला

उष्णता तेवढीच, सुख तेवढं नाही. सळईचा हीटर समोर ठेवला की हवा गार असली तरी माणूस शेकला जातो. कुडकुडीताईंना तेच हवंय, अख्खं घर तापवायचं नाहीये. तुम्ही युनिटं मोजत बसता, माणूस कधी मोजणार?

निवृत्त अभियंता

माझी उभी हयात बॉयलरजवळ गेली. तुमची?

भिंतवाला

माझी थंड घरात गेली. त्यालाही काही किंमत आहे.

गोधडी

दोघांनी जरा निवा. शेकण्याचं निघालं म्हणून एक गंभीर गोष्ट सांगते. माझ्या मामांकडे एका हिवाळ्यात पाहुणे जास्त, हीटर कमी. एका खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दार-खिडक्या बंद केल्या. पहाटे मामी पाणी प्यायला उठली आणि भोवळ येऊन दारातच पडली, त्या आवाजाने बाकीचे जागे झाले. सगळ्यांची डोकी ठणकत होती, मुलांना उलट्या. बंद खोलीत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो, त्याला वासही नसतो, रंगही नसतो. मामी उठली नसती तर मी हे लिहीत नसते, मीही त्याच खोलीत होते. स्वेटर-बिल यांवर भांडा खुशाल, पण झोपायच्या बंद खोलीत काही जाळू नका. आणि हीटरची पिन एक्स्टेन्शन बोर्डात खुपसू नका, थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा.

कुडकुडी

गोधडी, बापरे. आणि हे नेमकं कुणावर येतं? ज्याला हीटर मागायची लाज वाटते त्याच्यावर. माझा मुद्दा हाच आहे. पाहुणा मागत नाही, मग लपूनछपून काहीतरी करतो. मेहुणे मध्यरात्री थर्मोस्टॅट का फिरवतात? दिवसा विचारलं तर 'स्वेटर घाला' ऐकावं लागतं म्हणून.

यजमान

म्हणजे मेहुणे चोरी करतात तीही माझ्यामुळे. छान.

फक्त वाचक

एरवी लिहीत नाही. विजेचं ब्लँकेट कुणालाच कसं सुचलं नाही? १०० वॉटच्या आसपास खातं, हीटर दीड-दोन हजार. पाहुण्यांच्या पलंगावर एक अंथरा, घर १७ ठेवा.

कुडकुडी

आणि दिवसभर पाहुण्याने पलंगावरच बसायचं? जेवणाचं ताट तिथेच आणून देणार का?

यजमान

मला तर सूचना आवडली.

माधुकरी

विषय थोडा वेगळा, पण राहवत नाही. आमची आतेबहीण कुठेही गेली की 'हीटर वाढवा' म्हणायची. सगळ्यांनी तिला 'नाजूक नार' ठरवलं. तपासणीत थायरॉइड कमी निघालं, हिमोग्लोबिनही कमी. औषध सुरू झाल्यावर तीच म्हणते, किती गरम करता घर! रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हातपाय गार पडतात. थट्टा करण्याआधी एकदा विचारावं.

तिरकस

हिची तपासणी झालेली आहे. सगळं नॉर्मल. मीच नॉर्मल नाही, असा निकाल आहे.

यजमान

ठीक आहे. ७८ वर्षांच्या बाईंना १७ अंशांत बसवणं मलाही पटणार नाही, मी काही राक्षस नाही. त्यांच्यासाठी त्यांच्या खोलीत वेगळा हीटर, दार बंद, आणि खोलीत २१ करा. पण बोळातल्या थर्मोस्टॅटला हात लावायचा नाही म्हणजे नाही. आणि धडधाकट मेहुण्यांना यातलं काहीही लागू नाही.

कुडकुडी

उपकार झाले. हे नणंदेला तुम्हीच कळवा, मी बोलले तर माहेरी पुराण सुरू होईल.

निवृत्त अभियंता

दार बंद ठेवून एकच खोली तापवणं हा इथला पहिला शहाणा प्रतिसाद. फक्त खोलीत थोडी हवा खेळती राहू द्या, नाहीतर भिंतवाला बुरशी घेऊन हजर होतील.

भिंतवाला

होणारच.

थोरली सून

अभियंत्यांचं सगळं सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, गळती, फरक, भिंतींचा हिशेब, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "या माणसाने कधी पहाटे पाचला उठून अंघोळ केलीय का?" हीटर रात्रभर चालूच आहे.