समुद्राच्या मॉडेलमध्ये भोवऱ्यांचं एवढं काय? नुसती व्हिस्कॉसिटी वाढवून का भागत नाही?

पंपवाला_पुणे
मंडळी, मी पंपांच्या डिझाइनमध्ये आहे, दिवसभर सीएफडी (कॉम्प्युटरवर प्रवाहाचं गणित) चालवतो. परवा क्लायमेट मॉडेलबद्दल वाचत होतो तर कळलं की बऱ्याच मॉडेलांत समुद्राचा ग्रिड (गणितासाठी पाडलेल्या चौकटी) १ डिग्रीचा, म्हणजे जवळजवळ १०० किमीचा असतो, आणि समुद्रातल्या एडी, म्हणजे भोवरे, बहुतेक ठिकाणी त्यात मावतच नाहीत. बरं, आम्ही तरी पंपातला प्रत्येक भोवरा कुठे सोडवतो, के-एप्सिलॉन नावाचं मॉडेल लावतो, भोवऱ्यांच्या ऐवजी जादा व्हिस्कॉसिटी (द्रवाचा चिकटपणा) येते, डिझाइन पास. मग हे लोक इतकी वर्षं यावर डोकेफोड का करतायत? आणि दर वेळी अंटार्क्टिकाभोवतीचा दक्षिण महासागरच का मधे येतो? गणित थोडं चालेल, तीन पानी समीकरणं नकोत प्लीज.

खारा_वारा
साहेब, तुमच्या पंपात मोठा भोवरा फुटून लहान होतो, लहान आणखी लहान, शेवटी सगळं उष्णतेत जातं, म्हणून व्हिस्कॉसिटी वाढवली की हिशोब जुळतो. समुद्रातल्या मोठ्या एडी दहा-वीस ते दोनशे किमी रुंद आणि खालचं पाणी फार तर चार-पाच किमी खोल, त्यात पृथ्वी फिरतेय, पाण्याचे घनतेनुसार थर आहेत, त्यामुळे त्या जवळजवळ सपाट वागतात आणि ऊर्जा बरीचशी उलट दिशेने जाते, लहानाकडून मोठ्याकडे. तिथे व्हिस्कॉसिटी वाढवणं म्हणजे जी ऊर्जा प्रवाहाला परत मिळायची तीच तुम्ही मारून टाकली.

आता दक्षिण महासागर. नकाशावर ड्रेक पॅसेज बघा, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकाच्या मधला. त्या अक्षांशांवर वाऱ्याला अडवायला जमीनच नाही, पश्चिमेचा वारा पृथ्वीला अखंड फेऱ्या मारतो. तो वरचं पाणी उत्तरेकडे ढकलतो, दक्षिणेला खोलातलं थंड पाणी वर येतं, म्हणजे घनतेचे थर तिरके होतात. ताट तिरकं केलं तर वरण लगेच एका पातळीत येतं, इथे पृथ्वी फिरत असल्यामुळे येत नाही, उलट त्या उतारावरच अंटार्क्टिकाभोवतीचा प्रवाह चालतो, १३० ते १७० स्वेड्रुप (१ स्वेड्रुप म्हणजे सेकंदाला दहा लाख घनमीटर पाणी; जगातल्या सगळ्या नद्या मिळून जेमतेम १ होतो, यावरून काय ते समजा). पण उतार फार झाला की प्रवाह अस्थिर होऊन एडी सुटतात आणि त्या थरांना परत आडवं करायला बघतात. वारा तिरकं करतो, एडी सपाट करतात, ही ओढाताण तिथे कायमची. शिवाय टेकायला किनाराच नाही म्हणून वरच्या दीड-दोन किमीत सरासरी प्रवाहाला उष्णता दक्षिणेकडे फारशी नेताच येत नाही, ते काम मुख्यतः एडीच करतात.

शंकेखोर
वाचून छान वाटलं, पण ग्रिडमध्ये एडी नाहीतच तर मॉडेल हे करतं कसं? कुठूनतरी फज फॅक्टर (उत्तर जुळवायला घातलेला आकडा) घुसडला असणार.

लाट_मोजणारी
घुसडलाय, पण विचार करून. आधी मॉडेलवाले पाणी सरळ आडव्या दिशेने मिसळायचे. थर तिरके असताना आडवं मिसळलं की हलकं आणि जड पाणी एकमेकांत जातं, जे खऱ्या समुद्राच्या पोटात फारसं होतच नाही. १९९० मध्ये पीटर जेंट आणि जिम मॅकविल्यम्स यांनी मांडलं की एडीचा परिणाम मिसळण्यासारखा दाखवू नका, थरांना हळूहळू आडवं करणारा एक जादा वेग द्या, म्हणजे ज्या घनतेचं पाणी त्याच घनतेत राहील. १९९४ मध्ये जागतिक मॉडेलमध्ये हे लावल्यावर दक्षिण महासागरात दोन-तीन किमी खोल जाणारं डीकन सेल नावाचं भलंमोठं चक्र, जे खऱ्या पाण्याच्या वाहतुकीत तसं नसतंच, जवळजवळ गायबच झालं!! माझ्या मते समुद्राच्या मॉडेलिंगमध्ये इतक्या कमी ओळींच्या कोडने इतका फरक क्वचितच पडला असेल.

शंकेखोर, तुमची शंका थर किती जोराने आडवे करायचे हे ठरवणाऱ्या गुणांकाबद्दल असेल तर ती रास्त आहे. हा गुणांक साधारण काही शे ते हजार-दोन हजार चौरस मीटर प्रति सेकंद असतो, आणि तो कायम एकच ठेवला की घोळ होतो. ओझोनच्या छिद्रामुळे आणि ग्रीनहाउस वायूंमुळे दक्षिणेतला वारा गेल्या काही दशकांत वाढलाय. गुणांक ठरीव असेल तर मॉडेल म्हणतं वारा वाढला, थर आणखी तिरके झाले, प्रवाह वाढला. पण २००८ मध्ये जहाजांच्या जुन्या नोंदी आणि आर्गो फ्लोट (समुद्रात खालीवर होत तापमान-खारटपणा मोजणारी तरंगती यंत्रं) यांच्या नोंदी एकत्र करून बघितलं तर थरांचा उतार फारसा बदललेलाच नव्हता. वारा वाढला की एडीही वाढतात आणि बराचसा जोर खाऊन टाकतात. म्हणून आता गुणांक जागेनुसार आणि थरांनुसार बदलता ठेवतात. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बनपैकी जेवढा समुद्रात गेलाय त्यातला ४० टक्क्यांच्या आसपास दक्षिण महासागरातून आत गेलाय, त्यामुळे इथे उतार चुकला तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

पंपवाला_पुणे
आता उजेड पडला, दोघांचे आभार. पण मग मेश, म्हणजे ग्रिडच, बारीक करा ना राव, आम्ही तेच करतो.

लाट_मोजणारी
१ वरून १/१० डिग्रीवर जायचं तर दोन्ही दिशांनी दहापट आणि टाइमस्टेप (गणितातला वेळेचा एक टप्पा) दहापट लहान, म्हणजे साधारण हजारपट खर्च, आणि खोल समुद्र स्थिर व्हायला मॉडेलमधली हजारभर वर्षं तरी जावी लागतात. तुमच्या पुण्याच्याच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या अर्थ सिस्टीम मॉडेलमध्येही समुद्र १ डिग्रीचाच आहे, फक्त विषुववृत्ताजवळ १/३.

आणि खरी पंचाईत १/४ डिग्रीला होते. एडीचा अंदाजे आकार ठरवणारी लांबी विषुववृत्ताजवळ २०० किमीच्या वर आणि ६० अक्षांशावर १०-१५ किमी, म्हणजे एकाच ग्रिडमध्ये अरबी समुद्रातल्या एडी दिसणार आणि दक्षिण महासागरातल्या अर्धवट. तिथे जेंट-मॅकविल्यम्स चालू ठेवलं तर त्या अर्धवट एडीही मरतात, बंद केलं तर उतार जास्त राहतो. सध्या काही जण हरवलेली ऊर्जा मोठ्या प्रवाहाला परत देणाऱ्या स्कीम लावून बघतायत, बॅकस्कॅटर म्हणतात त्याला, तुम्हाला एलईएसमधून (मोठे भोवरे सोडवून लहानांचा फक्त अंदाज घेणारी सीएफडीची पद्धत) ओळखीचं असेल. हात साफ करायचा असेल तर मॉम६ हे समुद्राचं मॉडेल फुकट मिळतं, त्यात दोन थरांच्या चॅनेलची तयार केस आहे. आधी ग्रिड जाड ठेवून चालवा, मग बारीक करा, आणि दोन्हीत मधल्या थराचा उतार ताडून बघा. ऑफिसच्या क्लस्टरवर रात्री लावून ठेवलं तरी कोणाच्या लक्षात यायचं नाही 😄