लॅबमध्ये पारा सांडलाय, शहाबादीच्या फटींत गेलाय. सोमवारी मुलांना आत बसवू का?

नमस्कार. मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. परवा, गुरुवारी, आमच्या लॅबमध्ये पारा सांडला. इथे रसायनं हाताळणारी, औद्योगिक सुरक्षेत काम करणारी आणि डॉक्टर मंडळी आहेत, म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या. मला खरोखर मदत हवी आहे.

डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे लॅबमधल्या टिकाऊ सामानाची नोंदवही, तपासायचं काम चालू होतं. वरच्या कप्प्यात फोर्टिनच्या बॅरोमीटरसाठी (हवेचा दाब मोजायचं पाऱ्याचं उपकरण) आणलेली पाऱ्याची २५० ग्रॅमची जुनी काचेची बाटली होती. आमचे लॅब अटेंडंट मामा स्टुलावर चढून ती खाली देत होते. ती निसटली आणि माझ्या पायाजवळ फुटली. २५० ग्रॅम म्हणजे जेमतेम १८-१९ मिलिलीटर, पण फरशीवर पसरल्यावर घागर ओतल्यासारखं दिसलं. चंदेरी मणी बाकांखाली, भिंतीच्या कडेला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे शहाबादी फरशीच्या सांध्यांत. ते सांधे तीस वर्षांत उकरले गेलेत, त्यात बोटाचं नख सहज जातं.

यापुढचं लिहिताना मला वाईट वाटतं, पण लिहायलाच हवं. पंखा चालू होता आणि तो कुणीच बंद केला नाही. प्रॅक्टिकल संपवून निघालेली बारावीची तीन मुलं मदतीला धावली आणि हाताने मणी गोळा करायला लागली. मी त्यांना हाकलेपर्यंत दहा मिनिटं गेली असतील. मामांनी नेहमीच्या सवयीने झाडू घेतला, सगळं सुपलीत भरलं, मग ओल्या फडक्याने फरशी पुसली आणि ते फडकं लॅबच्या सिंकमध्ये धुतलं. हाताला लागला तो पारा चहाच्या प्लास्टिकच्या कपात जमवून ठेवलाय. बाकीचा कुठे आहे ते सांगता येत नाही.

प्राचार्यांना सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, आम्ही शाळेत पारा तळहातावर घेऊन खेळायचो, काही झालं नाही." त्यांचा हेतू वाईट नाही, पण माझं समाधान झालं नाही. शेजारी बायॉलॉजीची लॅब आहे, मधे एक दार आहे, आणि तिथल्या मॅडम पाच महिन्यांच्या गरोदर आहेत.

आणखी दोन गोष्टी. पारा गोळा करताना माझ्या हातात सोन्याची अंगठी होती. काल बघितलं तर आतल्या कडेला पांढरट डाग पडलाय, चांदीचा मुलामा दिल्यासारखा. आणि मामांना गुरुवारी रात्रीपासून कोरडा खोकला आहे, तोंडाला लोखंडासारखी चव येतेय म्हणतात. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर "मला कशाला डॉक्टर, धुळीने होतंय" एवढंच. ते तंबाखू मळतात, त्या दिवशीही हात न धुता मळली असणार.

नेटवर कॅरन वेटरहान यांच्याबद्दल वाचलं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापिका. १९९६ च्या ऑगस्टमध्ये हातमोज्यावर पाऱ्याच्या संयुगाचे काही थेंब पडले आणि पुढच्या जूनमध्ये त्या गेल्या. तेव्हापासून झोप नाही. मुलांच्या हाताला तर थेट पारा लागला होता.

सोमवारी पहिल्याच तासाला चाळीस मुलांची बॅच आहे. खोली साधारण ३० बाय २० फूट, उंची १२ फूट. काय करू?

प्रतिसाद १

ताई, आधी वेटरहान यांचं. त्यांच्या हातावर पडलं ते डायमिथाइल मर्क्युरी. ते लॅटेक्सच्या हातमोज्यातून आणि कातडीतून काही सेकंदांत आरपार जातं. तुमच्याकडे सांडला तो धातुरूप पारा. तो कातडीतून फारच कमी जातो, गिळला तरी आतड्यातून जवळजवळ शोषला जात नाही. प्राचार्य खेळून सुखरूप राहिले ते म्हणूनच. पाऱ्याचा धोका वाफेत आहे. श्वासातून गेलेल्या वाफेचा सुमारे ८० टक्के भाग शरीरात राहतो, मेंदूत जातो आणि गर्भाच्या वारेतूनही पार होतो. या वाफेला वास नाही, रंग नाही, त्यामुळे खोलीत शिरल्यावर काहीच जाणवत नाही.

तुमच्या खोलीचा हिशेब करून बघितला. साधारण २०० घनमीटर हवा. कामाच्या जागेसाठी वापरली जाणारी एक कडक मर्यादा घनमीटरला ०.०२५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे अख्ख्या खोलीत ५ मिलिग्रॅम. एवढा पारा मोहरीपेक्षाही लहान थेंबात असतो. तुमच्या फटींत असे किती थेंब असतील! २० अंश तापमानाला पाऱ्याच्या वाफेने भरलेली हवा घनमीटरला सुमारे १३ मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते आणि ३० अंशाला त्याच्या दुपटीहून जास्त. उघड्या खिडक्यांच्या खोलीत ती एवढी कधी चढत नाही, पण कोकणातल्या उकाड्यात बंद खोली किती वाईट ते लक्षात येईल. सोमवारी मुलांना आत बसवू नका. बायॉलॉजीच्या मॅडमना त्या मजल्यावरच येऊ देऊ नका.

आता साफसफाई. मधलं दार बंद करून फटीला चिकटपट्टी लावा, बाहेरच्या खिडक्या सताड उघड्या ठेवा, पंखा बंदच राहू दे. झाडू, ओलं फडकं, व्हॅक्यूम क्लीनर यातलं काहीही परत वापरू नका. झाडूने एका मण्याचे शंभर होतात आणि जितके बारीक मणी तितकी वाफ जास्त. व्हॅक्यूम तर गरम हवेबरोबर वाफ खोलीभर फेकतो. ब्लीचिंगही नको.

नायट्राइलचे हातमोजे घाला, अंगावरचं सगळं सोनं उतरवून ठेवा. संध्याकाळी दिवे घालवून टॉर्च फरशीला टेकवून आडवी मारा. मणी असे चमकतात की दिवसा न दिसलेलेही दिसतात. दोन जुन्या लग्नपत्रिका घ्या, जाड कार्डाच्या. बाहेरून मध्याकडे मणी ढकलत आणा, एकमेकांत मिसळले की सुई काढलेल्या सिरिंजने ओढा. बारीक मण्यांवर रुंद चिकटपट्टी दाबून उचला. पंधरा मिनिटं काम केलं की बाहेर मोकळ्या हवेत या. कापडी किंवा सर्जिकल मास्कने वाफ अडत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

फटींसाठी गंधक. पारा-गंधक खलून वैद्य कज्जली करतात ते ऐकलं असेल, तेच तत्त्व. आंब्याच्या भुरी रोगावर मारायची गंधकाची भुकटी कृषी सेवा केंद्रात मिळते. पण खलात घासल्याशिवाय ही क्रिया फार सावकाश होते. गंधक टाकलं म्हणजे झालं असं समजू नका. आधी दिसतो तेवढा पारा काढा, मग फटींत भुकटी भरून दोन दिवस ठेवा, मग सांधे खरवडून ती भुकटी गोळा करा. तीसुद्धा घातक कचरा म्हणूनच ठेवायची.

सिंकच्या खाली जो वाकडा पाइप असतो त्यात तुमचा पारा बसला असणार, तो जड असल्याने पुढे सरकत नाही. खाली प्लास्टिकची बादली ठेवून तो उघडा. तोवर नळ बंद.

चहाच्या कपातला पारा आजच घट्ट झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बरणीत घाला, वर बोटभर पाणी ठेवा, झाकणावर टेप, बाहेर ठळक लेबल. झाडू, सुपली, फडकं, फुटलेली काच हे सगळं दुहेरी पिशवीत. ओतून देऊ नका, भंगारवाल्याला देऊ नका, कुणी पारद शिवलिंगासाठी मागितला तरी देऊ नका. घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला प्राचार्यांच्या सहीने पत्र द्या. असा माल अधिकृत केंद्रातच जातो, राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे ती आहेत.

अंगठी सोनाराकडे नेऊ नका! तो डाग म्हणजे सोन्या-पाऱ्याचं मिश्रण, आणि सोनार पहिली गोष्ट करेल ती फुंकणीने तापवण्याची. ती वाफ थेट त्याच्या नाकात जाईल. सध्या घट्ट बरणीत ठेवा.

प्रतिसाद २

मी फिजिशियन आहे. मॅडम, तुमच्या लिखाणातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मामांच्या खोकल्याची आहे. पंखा चालू, झाडूने उडालेला पारा, त्यावर वाकून काम, मग काही तासांत खोकला आणि धातूची चव. ही वाफेची लक्षणं असू शकतात. धाप, छातीत आवळल्यासारखं, ताप यातलं काही असेल तर आजच रुग्णालयात न्या, छातीचा एक्स-रे आणि ऑक्सिजन तपासून घ्या. काही नसलं तरी उद्याची वाट बघू नका. सोबत तुम्ही स्वतः जा, म्हणजे काय घडलं ते डॉक्टरांना नीट कळेल.

तपासणी लघवीची, क्रिएटिनिनसकट (लघवी किती पातळ किंवा घट्ट आहे ते त्यावरून कळतं). रक्तातला पारा अलीकडचा संपर्क दाखवतो, पण मामा रोज मासे खात असतील तर माशांतला पाराही त्यात मोजला जाईल, हे डॉक्टरांना सांगा. शरीरातला पारा निम्मा व्हायला साधारण दोन महिने लागतात, त्यामुळे एक चाचणी करून विषय संपत नाही. उतारा म्हणून घरगुती काही देऊ नका. पारा बाहेर काढणारी औषधं असतात, ती डॉक्टरच ठरवतील. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास चालू असतं, १८०० ११६ ११७. तुमच्या गावातल्या डॉक्टरांना अशा केसचा अनुभव नसेल तर त्यांनाच तिथे बोलू द्या.

मुलांना दहा मिनिटांच्या स्पर्शाने काही होणार नाही, त्यांना घाबरवू नका. पण एक विचारा, प्रेमाने आणि न रागावता: कुणी घरी नेलाय का? पारा दिसला की मुलं नेतातच.

धागाकर्ती, रविवार रात्र

तुमचे दोघांचे उपकार कसे फेडू.

मामांना काल दुपारीच घेऊन गेले. एक्स-रे साफ आला, ऑक्सिजन ९७. डॉक्टरांनी विष माहिती केंद्राला फोन लावला, लघवीचा नमुना मुंबईला गेलाय. खोकला आज कमी आहे. मामी रडत होत्या, कारण त्या दिवशीचे मामांचे कपडे त्यांनी हाताने घासून धुतले होते. आता ते कपडे आणि चपला पिशवीत बांधून कॉलेजात आणल्यात.

मुलांना फोन केले. दोघं नाही म्हणाली. तिसऱ्याची आई फोनवर आली आणि म्हणाली, "मॅडम, तो कंपासपेटीत घेऊन आलाय, चार दिवस टेबलावर लोळवत बसतो, त्याच खोलीत धाकटी झोपते." मी तशीच स्कूटर काढली. करकटक आणि पट्टीच्या मधे वाटाण्याएवढा एक मणी आणि सात-आठ बारीक. पोरगा खाली मान घालून उभा होता. त्याला म्हटलं, बाळा, तू खरं सांगितलंस, मला एवढंच हवं होतं. पेटी बरणीत गेली, टॉर्च आडवी मारून टेबल आणि फरशी बघितली, तीन मणी आणखी सापडले. धाकटीला चार-पाच दिवस आजीकडे झोपवायला सांगितलंय. डॉक्टर, तिची तपासणी करून घेऊ का? ती चार वर्षांची आहे.

लॅबला कुलूप लावलंय, किल्ली माझ्याकडे. काल रात्री मी आणि केमिस्ट्रीचे सर, दोघांनी लग्नपत्रिकांनी जमवलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर बरणीसकट वजन करून बरणीचं वजा केलं, तर पाणी घालण्याआधी पारा १९२ ग्रॅम भरला. सिंकच्या पाइपातून निघालेला त्यात धरलाय. बाकीचा फटींत, उडून गेलेला आणि त्या कंपासपेटीत. आज गंधक भरलं. प्राचार्यांना तुमचा ५ मिलिग्रॅमचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. ते बराच वेळ कागदाकडे बघत बसले, मग बारावीची बॅच हॉलमध्ये हलवायला स्वतःच शिपायाला सांगितलं.

एकच राहिलं. पाऱ्याची वाफ मोजायचं यंत्र घेऊन रत्नागिरी-चिपळूण भागात येऊ शकेल असं कुणी इथे आहे का? लोटे-परशुरामच्या कारखान्यांत सुरक्षा विभागात कुणाची ओळख असेल तरी कळवा. यंत्राने मोजल्याशिवाय मी कुलूप काढणार नाही.