टेकडीवरच्या वनउद्यानात टॉयलेटला कायम कुलूप, काय करावं?

भटकी_मीनल: गावाबाहेरचं तिकीटवालं वनउद्यान, टॉयलेट आहे पण कुलूप, किल्ली माळीकाकांकडे आणि माळीकाका कुठे ते देवालाच ठाऊक. आईला शुगर आहे, तिकडे जायचं म्हटलं की ती पाणीच पीत नाही. वर सगळा कातळ, पाण्याची लाइन नाही म्हणतात. मागणी काय करू?

कातळकडा: बायोटॉयलेट मागा. डीआरडीओचं (संरक्षण संशोधन संस्था) तंत्रज्ञान, रेल्वेच्या डब्यात आहे तेच, खालच्या टाकीतले जिवाणू मैला कुजवतात. पण सफाईवाल्याला सांगा बाबा ॲसिड-फिनेल धबाधबा ओतू नकोस, जिवाणू मरतात, वास सुटतो आणि मग लोक म्हणतात योजनाच भंगार. पॅडसाठी झाकणाचा डबा आतच हवा, नाहीतर चोक होणारच.

सुमाताई: बांधतात हो सगळे, निगा कोण ठेवणार? मुंबईत बायकांनी २०११ पासून ‘राइट टू पी’ म्हणजे लघवीच्या हक्काची मोहीम लावून धरली, पुरुषांना मुतारी फुकट आणि आमच्याकडून पैसे का म्हणून. तुम्हीपण लेखी द्या, पोच घ्या.

अण्णा_पुणेकर: आणि आतून कडी लागते का तेही बघा 😄

भटकी_मीनल: कडी नाहीये अण्णा, दोरी बांधलीये! अर्जात तेही टाकते.